पूल पडेपर्यंत पैसा कुठे असतो?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल पुरात वाहून गेला. १९२८ साली, ब्रिटिश अमदानीत बांधलेला हा दगडी पूल. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो सुरक्षित ठरला होता. शेजारी नवा पूल असतानाही जुन्या पुलावरून वाहतूक चालूच होती. खेड-चिपळूणकडून २० मार्चला चवदार तळ्यावर येणारे आमचे बांधव याच वाटेने येतात.

पुढे काय झाले? अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे पैसा होता, अभियंते होते, यंत्रणाही होती. मग ती माणसे मरेपर्यंत कोणाची वाट पाहत होती? हा आमचा सवाल आहे.

पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांसाठी उपकर घेतला जातो. केंद्रीय मार्ग निधीचा कायदा २००० सालचा आहे. हा उपकर फक्त मोटारवालेच भरतात, हा गैरसमज आहे. डिझेल महागले की एसटीचे तिकीट महागते आणि बाजारातली भाजीही महागते. मजूर, शेतकरी, विद्यार्थी सारेच तो भरतात. पण नव्या महामार्गाला नारळ फुटतो, फोटो छापून येतात. जुन्या पुलाच्या पायाभोवतीची खरवडून गेलेली माती भरली तर कोण फीत कापणार? म्हणून दुरुस्ती मागे पडते.

पुराइतकाच धोका भूकंपाचाही आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना हादरली, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छला जोडणाऱ्या सूरजबारी पुलाला इजा झाली आणि मदतीच्या वाटेवरच अडथळा आला. पूल बंद पडला की मदत आधी थांबते ती गावकुसाबाहेरच्या वस्तीची. खांबांना काँक्रीटचे वेष्टण घालणे, झिजलेले बेअरिंग बदलणे, गाळा खांबावरून घसरू नये म्हणून अटकाव बसवणे, हे उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. अडते ते तरतुदीपाशी.

९ जुलै २०२५ रोजी गुजरातेत गंभीरा पूल कोसळला आणि किमान वीस माणसे गेली. महाडनंतर नऊ वर्षांनीही राज्यकर्ते शिकले नाहीत.

आमची मागणी साधी आहे. अर्थसंकल्पात पुलांची दुरुस्ती, बदली आणि भूकंपरोधक बळकटी यांसाठी वेगळे लेखाशीर्ष असावे व तो पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये. प्रत्येक पुलावर बांधकामाचे साल, शेवटच्या तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे पद लिहिलेला फलक लावावा. अहवाल ग्रामपंचायतीत वाचायला मिळावा. तोवर कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील पुलांची माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी. मेलेल्यांच्या वारसांना धनादेश देणे सोपे असते. जिवंत माणसांसाठी खर्च करायला लावणे, हे आपले काम आहे.