दोन तासांचा न्याय

9 ऑक्टोबर 2024 रोजी रतन टाटा गेले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. 1992 पासून पाळल्या जाणाऱ्या या दिवसाचे 2024चे सूत्र होते कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य. या दोन तारखा लागून आल्या हा योगायोग. पण दोन्हींची आठवण एकदम करून देणारी एक वास्तू मुंबईच्या फोर्ट भागात उभी आहे. होमी मोदी स्ट्रीटवरचे बॉम्बे हाउस. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेट यांचीच ही निर्मिती, 1924 पासून टाटा समूहाचे मुख्यालय. 2018 साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले तेव्हा तळमजल्यावर रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी एक जागा खास राखलेली होती. पावसापाण्यात आडोशाला येणाऱ्या कुत्र्यांना त्या इमारतीत मज्जाव नव्हताच. नूतनीकरणाने त्यांचा हक्क पक्का केला. त्यांच्यातलाच एक ‘गोवा’. गोव्यात टाटांच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत शिरलेले आणि मग मुंबईकर झालेले हे पिल्लू. 2024 मध्ये मुंबईतल्या एनसीपीएमध्ये टाटांच्या अंत्यदर्शनासाठी त्यालाही नेण्यात आले होते.

या श्वानप्रेमाचे कौतुक टाटांच्या निधनानंतर पुष्कळ झाले, ते योग्यच. पण आम्हाला त्यातली एक बाब अधिक मोलाची वाटते. बॉम्बे हाउसमधल्या कुत्र्यांना काही काम नेमून दिलेले नव्हते. त्यांच्यामुळे कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता किती टक्क्यांनी वाढेल याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. बाहेर पाऊस होता, आत कोरडी फरशी होती, म्हणून ते आत आले आणि राहिले. आज देशातल्या अनेक कार्यालयांत कुत्रे येत आहेत ते मात्र कामावर. त्यांना ‘थेरपी डॉग’ म्हणतात, आणि त्यांच्या कामाचा गांभीर्याने विचार करायला मानसिक आरोग्य दिनासारखा दिवस नाही.

मुंबईत ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’सारखी संस्था जवळपास दोन दशके हे काम करते आहे. विशेष मुलांच्या शाळा आणि रुग्णालयांपासून सुरू झालेली ही वाट आता कंपन्यांपर्यंत आली आहे. मुंबईच्या विमानतळावर 2023 पासून असे कुत्रे प्रवाशांना भेटू लागले. हैदराबादच्या एका नवउद्योगाने तर 2025 मध्ये डेन्व्हर नावाच्या गोल्डन रिट्रिव्हरला ‘चीफ हॅपिनेस ऑफिसर’ हे पद देऊन टाकले, आणि त्याच्या छायाचित्राने समाजमाध्यमांवर धमाल उडवली. थेरपी डॉग म्हणजे अंधांना वाट दाखवणारा प्रशिक्षित कुत्रा नव्हे. त्याला एका माणसाची सेवा करायची नसते. अनोळखी माणसांच्या गराड्यात शांत राहणे, कुणीही कुरवाळले तरी न बिथरणे, एवढेच त्याने करायचे. हे ‘एवढेच’ किती अवघड आहे ते पुढे पाहूच.

या उपचाराची पाळेमुळे एका अपघाती भेटीत आहेत. बोरिस लेव्हिन्सन हे न्यूयॉर्कमधले बालमानसशास्त्रज्ञ. एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेआधीच त्यांच्याकडे पोहोचला, तेव्हा त्यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीतच होता. मोठ्या माणसांशी न बोलणारा तो मुलगा जिंगल्सपाशी रमला. पुढच्या भेटी जिंगल्ससह झाल्या आणि हळूहळू मुलाने डॉक्टरांनाही आपल्या खेळात घेतले. लेव्हिन्सन यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हा अनुभव सहकाऱ्यांपुढे मांडला तेव्हा त्यांची टर उडवण्यात आली. फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता, असे कुणीतरी विचारले म्हणतात. विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, तो प्रश्न आज आपण खरोखरच विचारायला हवा. कुत्र्याच्या वाट्याला काय येते?

त्याआधी माणसाच्या वाट्याला काय येते ते पाहू, कारण तेही खरे आहे आणि त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात पॅट्रिशिया पेंड्री यांनी 249 विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दहा मिनिटे कुत्र्यामांजरांना कुरवाळायला दिले, काहींना रांगेत उभे राहून दुसऱ्यांना कुरवाळताना बघायला लावले, काहींना प्राण्यांची चित्रे दाखवली आणि उरलेल्यांना सांगितले की तुमची पाळी नंतर. लाळेतल्या कॉर्टिसॉलची, म्हणजे ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकाची पातळी सर्वांत खाली गेली ती प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांची. 2020 साली अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यातल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात 122 डॉक्टर-परिचारिकांवर प्रयोग झाला. पाळी चालू असतानाच काहींना कुत्र्याजवळ पाच मिनिटे बसवले, काहींना चित्रे रंगवायला दिली. मनावरचा भार हलका झाल्याचे कुत्र्याजवळ बसलेल्यांनी अधिक सांगितले. अपघातग्रस्तांच्या खाटांमधून धावणाऱ्या माणसाला पाच मिनिटांत थोडेसे हलके वाटत असेल, तर ती पाच मिनिटे मोलाचीच आहेत.

असे का होते? जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्ह्या बाळामधली ओढ घट्ट करणारे हेच ते संप्रेरक. पण त्यापलीकडचे कारण कुणालाही पटेल असे साधे आहे. गावाकडून येऊन शहरात एकट्याने राहणाऱ्या, सकाळी कॅबमध्ये आणि रात्री पीजीतल्या खोलीत असणाऱ्या पंचविशीतल्या मुलामुलींना आठवडेच्या आठवडे कुणाचा मायेचा स्पर्श होत नाही. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला ऑफिसात ‘मस्त!’ हेच उत्तर द्यावे लागते. कुत्रा हा प्रश्न विचारत नाही. तो पद ओळखत नाही, अप्रेझलमध्ये कुणाला किती रेटिंग मिळाले याचा त्याला पत्ता नसतो. तो मांडीवर हनुवटी टेकतो आणि माणसाचा खांदा आपसूक खाली येतो.

आता त्या हनुवटीकडे जरा नीट पाहू. मीटिंग रूममध्ये जमिनीवर चटई, तिच्यावर एक लॅब्राडोर, भोवती पंधरा-वीस माणसे आणि तितकेच मोबाइल. पहिली काही मिनिटे त्याची शेपटी मोकळी हलते. मग तो खाणे समोर नसतानाही जिभेने ओठ चाटू लागतो. झोप आलेली नसताना जांभया देतो. अंगावर पाणी पडल्यासारखे अंग झाडतो. कुणी तोंडाजवळ तोंड नेले की मान वळवतो, पण डोळा त्या माणसावरच ठेवतो आणि बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसू लागते. ‘पुरे झाले’ हे सांगण्याची कुत्र्याची ही भाषा. भोवतालच्या माणसांना तो गोड दिसत असतो. त्याच्यासोबत आलेल्या माणसाचे, म्हणजे हँडलरचे, मुख्य काम ही भाषा वाचणे हेच असते. तो फोटो काढणाऱ्यांना नम्रपणे थांबवतो, पट्टा हातात घेतो आणि कुत्र्याला बाहेर मोकळ्या हवेत नेतो. ‘पेट पार्टनर्स’ या जुन्या अमेरिकी संस्थेच्या नियमानुसार तर कुत्र्याला एका दिवसात दोन तासांपेक्षा अधिक वेळ असे काम देता येत नाही. वर्षभराहून लहान पिल्लू चालत नाही. कुत्रा नाखूश दिसला, तर ठरलेली भेट तिथेच संपते. त्याच्याकडून कारण मागितले जात नाही.

हे नियम वाचताना आम्हाला त्या चटईभोवती बसलेल्या माणसांची आठवण होते. त्यांच्यासाठी असा नियम कुठे आहे? त्यांच्या जांभया कोण मोजतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता या दोन विकारांपायी जगाचे दरवर्षी 1200 कोटी कामाचे दिवस वाया जातात. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर 2021 मध्ये दाखवून दिले की आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम केल्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकाराने 2016 या एका वर्षात 7 लाख 45 हजार माणसे दगावली. पुण्यात 2024 मध्ये एका तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या असह्य ओझ्याकडे बोट दाखवले. त्या मृत्यूच्या कारणाचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. पण ते पत्र देशभरातल्या नोकरदारांनी एकमेकांना पाठवले, ते त्यातल्या ओळीओळीत आपलीच कहाणी दिसली म्हणून. आणि यानंतर वर्षभराने, सप्टेंबर 2025 मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतल्या दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर आणि कारखान्यांतली नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची संमती, जादा कामाचा मोबदला या अटी त्यात आहेत. परंतु नोकरी टिकवायची असलेला माणूस संमती नाकारील ही अपेक्षा कितपत खरी ठरेल, हे कुठल्याही एमआयडीसीच्या फाटकावर पाळी सुटताना उभे राहिले की कळेल.

‘बर्नआउट’ची नोंद आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात केली, तेव्हा एक गोष्ट काटेकोरपणे केली. ती स्थिती माणसाचा रोग म्हणून नोंदली नाही, तर नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी बाब म्हणून नोंदली. म्हणजे बोट माणसाच्या दुबळेपणाकडे नाही, कामाच्या मांडणीकडे आहे. थेरपी डॉगच्या सत्रांविषयी आमची खरी हरकत इथे येते. सत्र वाईट नाही. पण वर्षातून एकदा, मानसिक आरोग्य दिनी, तासाभरासाठी कुत्रा बोलवायचा, फोटो लिंक्डइनवर टाकायचे आणि त्याच रात्री साडेअकराला ‘उद्या सकाळपर्यंत हवे’ असा निरोप धाडायचा, यात कुत्र्याच्या निर्मळपणाचा गैरवापर आहे. त्याने खाली आणलेले कॉर्टिसॉल मॅनेजरचा एक फोन पुन्हा वर नेतो. लाळेतला तो दिलासा मिनिटांचा होता. अभ्यास करणाऱ्यांनीही त्याहून मोठा दावा केलेला नाही.

सत्रे भरवावीत, पण नीट भरवावीत. कुत्र्याची भीती वाटणारे, ज्यांना कुत्र्याच्या केसांनी दमा उसळतो किंवा ज्यांना श्रद्धेमुळे त्याचा स्पर्श नको असतो, अशी माणसे प्रत्येक कार्यालयात असतात. त्यांच्यासाठी वेगळी खोली, वेगळी वाट आणि न येण्याची मुभा हवी. लसीकरणाचे कागद पाहावेत. हौसेने आणलेल्या कुणाच्याही घरच्या कुत्र्याला थेरपी डॉग म्हणू नये. वर्षातून एकदाचा सोहळा करण्यापेक्षा महिन्यातून एकदा तोच कुत्रा, तोच हँडलर यावा. ओळखीतून मिळणारा आधार वेगळाच असतो.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही. या सत्राची मेल कुणाकुणाला जाते? कंपनीचा ईमेल असलेल्यांना. फाटकावरच्या वॉचमनला, साफसफाई करणाऱ्या मावशींना, कॅन्टीनमधल्या पोरांना ती जात नाही, कारण ते ठेकेदाराचे. बारा-बारा तासांची पाळी बहुधा त्यांचीच असते. हिंजवडीत किंवा मालाडला रात्री दोनच्या सुमारास कुठल्याही संकुलाच्या फाटकावर गेलात तर दिसेल: प्लॅस्टिकच्या खुर्चीत वॉचमन, पायाशी वेटोळे करून झोपलेला एक गावठी कुत्रा, शेजारी बिस्किटाचा अर्धा पुडा. त्या माणसाचा रात्रभराचा एकटेपणा तो कुत्रा वाटून घेतो. तिथे ना हँडलर ना चटई, पण आधार तोच आहे.

अशाच कुत्र्यांच्या बाबतीत ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलून, नसबंदी व लसीकरण झालेले कुत्रे त्यांच्या जागी परत सोडण्यास सांगितले. पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे मात्र त्यातून वगळले. त्या वादात ज्यांच्या लहान मुलांना कुत्रे चावले त्या आईबापांचा आक्रोश खराच होता आणि रेबीजचे भय खरेच आहे. उपायही ठाऊक आहे. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तो लिहिलेला आहे: पकडा, नसबंदी करा, लस टोचा, परत सोडा, खाणे देण्याची जागा ठरवून द्या. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट मराठी घरांत अजून सांगितली जाते. आज त्या वाटीसोबत लशीची कुपी न्यावी लागेल, एवढाच फरक.

पैसे खर्चून सत्र भरवू शकणाऱ्या कंपनीला आपल्या फाटकावरच्या चार-सहा कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण महापालिकेच्या मदतीने करून घेणे जड नाही. आणि मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने एचआर विभागांना आमची विनंती आहे ती एवढी: पुढच्या सत्राच्या यादीत वॉचमन, मावशी आणि कॅन्टीनमधली मुले यांची नावे घाला, त्यांच्या पाळीत बसेल अशी वेळ ठेवा. हँडलर कुत्र्याच्या कामाच्या तासांची जी नोंद ठेवतो ती मागून घ्या, तिच्याशेजारी आपल्या प्रत्येक विभागाची गेल्या महिन्याची हजेरी मांडा, आणि ते दोन्ही कागद संचालकांच्या पुढच्या बैठकीत ठेवा.