मुलींच्या संघाचे पान

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शाळेत असताना ती उर्दूच्या तासालाही खिडकीतून मैदानाकडेच बघत असायची. आता मूर्तिजापूरजवळच्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि खो-खो खेळते. महाविद्यालयाची स्मरणिका निघायची आहे, त्यातले क्रीडा विभागाचे पान हिच्याकडे आले आहे.

म्हणाली, "आपा, मुलांच्या कबड्डी संघाची सगळी नावं फळीवर रंगवलेली आहेत. मुलींसमोर नुसतं ‘महिला संघ, उपविजेता’ एवढंच. खेळलं कोण मग?"

मी चहा टाकायला उठले, कारण त्या उपविजेत्या संघात मीही होते.

चहा घेताना तिने मोबाइल पुढे केला. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचा लॅक्रोस नावाचा एक खेळ आहे. टोकाला जाळीची झोळी असलेली काठी हातात घेऊन पळायचे, झोळीत चेंडू झेलायचा आणि समोरच्या जाळ्यात मारायचा. मूळ खेळ उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी जमातींचा. स्कॉटलंडच्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुईसा लम्सडेन यांनी तो कॅनडाच्या प्रवासात पाहिला आणि 1890 मध्ये त्या शाळेच्या मुली तो खेळल्या. रोझाबेल सिंक्लेअर या शिक्षिकेने 1926 मध्ये बाल्टिमोरच्या एका शाळेत तो रुजवला. तिथल्या कॉलेजांची मुलींची राष्ट्रीय स्पर्धा 1982 पासून चालू आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या मुलींनी 2019 पर्यंत ती 14 वेळा जिंकली, त्यातही 1995 ते 2001 अशी सलग सात वर्षे. मला त्या विजयांपेक्षा नोंदींचे नवल वाटले. कोणत्या मुलीने कोणत्या सामन्यात किती गोल केले, सगळे लिहिलेले. चाळीस वर्षांपूर्वीची, आता आजी झालेली बाईसुद्धा त्या यादीत सापडते.

आपल्याकडे खेळ नव्हता असे थोडेच आहे? आपल्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. त्याचा चमू 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ दाखवून आला, हे वऱ्हाडातले शाळकरी पोरही सांगेल. खो-खोची महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1960-61 मध्ये कोल्हापुरात झाली. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, दिल्लीच्या नसरीन शेख यांना 2023 चा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवले. म्हणजे वरच्या पायरीवर नोंद आहे. तालुक्याच्या पायरीवर, जिथे बहुतेक मुलींचा खेळ सुरू होतो आणि लग्नाबरोबर संपतो, तिथे फळी कोरी.

आमचा संघ पंचवीसेक वर्षांपूर्वीचा. मी बारावी खेळाडू, म्हणजे खरे सांगायचे तर पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी. बसल्या बसल्या मी शंभर पानी वहीत गुण लिहायची. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी आम्ही शकुंतलेने अचलपूरला गेलो होतो. सुमारे 76 किलोमीटरचा रस्ता, गाडी इतक्या सावकाश चालायची की कर्णधार म्हणाली, उतरून पळत गेलो तर सरावही होईल. सलवार-कमीज आणि कमरेला घट्ट बांधलेली ओढणी, हाच आमचा गणवेश. आता मुली पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि डोक्याला रुमाल बांधून खेळतात. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने 2014 मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने 2017 मध्ये डोके झाकून खेळायला परवानगी दिली. कपड्यांचे कारण सांगून मुलीला घरी बसवणाऱ्यांनी दुसरे कारण शोधावे.

वही सापडली. अम्मीच्या पेटीत, माझ्या निकाहच्या पत्रिकांखाली. त्या वहीवरून मी एकेकीचा शोध सुरू केला. एक दर्यापूरला, एक कारंज्याला, दोघी बडनेऱ्याला. माहेरचे आडनाव सांगितले तर सासरी कोणी ओळखत नाही, आणि सासरचे मला ठाऊक नाही. एकीच्या मुलाने फोन उचलला. अम्मी खो-खो खेळायची म्हटल्यावर तो हसायलाच लागला, "आंटी, राँग नंबर." नंबर बरोबर होता. दुसरी दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, इथे नको सांगू. रिश्ता आला तेव्हा आमच्या घरून सांगितलंच नव्हतं." तिचे पदक अजून माहेरी आहे, डाळीच्या डब्यात. माझ्यावर विश्वास बसत नसेल तर बसू नका, मला तरी बसला.

त्या रात्री मला अबू दाऊदमधली हदीस आठवली. एका प्रवासात हजरत आयशा (रजि.) प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याबरोबर धावल्या आणि जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, त्या वेळी प्रेषित (सल्ल.) पुढे निघाले आणि ही मागच्याची भरपाई, असे म्हणाले. ही हकीकत आपल्यापर्यंत आणली कोणी? खुद्द हजरत आयशा (रजि.) यांनी. जिंकलेलीही सांगितली, हरलेलीही. त्यात लाजण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही. डाळीच्या डब्यावाल्या मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी हे फोनवर ऐकवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाव लिही. माहेरचं लिही, पण लिही."

बारापैकी नऊ नावे आता जमली आहेत. विद्यार्थिनीने सुवाच्य अक्षरात यादी केली. प्रत्येकीपुढे तिने किती वेळ पळती केली आणि किती गडी बाद केले, हे माझ्या वहीवरून उतरवले. मुलींची पाळी तेव्हा सात मिनिटांची असायची, त्यात आमची कर्णधार अंतिम सामन्यात एकटी तीन मिनिटे चाळीस सेकंद टिकली होती. यादीचा फोटो मी तिला पाठवला. तिची मुलगी यंदा दहावीला आहे, शाळेच्या संघात घेतले तर जाऊ द्यायचे की नाही यावरून घरात वाद चालू आहे. फोटो आधी मुलीने पाहिला, मग दादीने, असे कळले.

इशाच्या नमाजनंतर कर्णधाराचा फोन आला. मला वाटले, आभार मानेल. सलाम-दुआ नाही, काही नाही.

"तू लिहिलंय, दुसऱ्या डावात मी तिघींना बाद केलं. चार होत्या. चौथीला खांबाजवळ टिपली, पंचांनी शिटीसुद्धा वाजवली होती. तू तेव्हा पाण्याला गेली असशील."

मी लाल पेनने 3 चा 4 केला. मग लक्षात आले, तो सामना आम्ही एका गुणाने हरलो होतो. आता सगळी बेरीज पुन्हा करायला बसले आहे.