यंत्राला दिलेली खोटी वर्दी

गाडी चढावर ओढत नाही, ही तक्रार डिझेल वाहनाइतकीच जुनी आहे आणि तिच्यावरील इलाजही तितकाच जुना आहे. पूर्वी मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देई, गाडीमागे काळ्या धुराचा लोट उठे, आणि त्या धुरालाच शक्तीचा दाखला मानून मालक खुशीने मजुरी मोजी. इंधनाचा कारभार संगणकाच्या स्वाधीन झाल्यापासून पान्याची ही मात्रा चालेनाशी झाली, आणि तिच्या जागी तळहातावर मावेल एवढी, आतून काळ्या राळेने भरून कायमची मिटवलेली एक डबी बाजारात आली. बॉनेट उघडून इंधनाच्या रेलवरील सेन्सरचा प्लग काढावा, दोहोंच्या मध्ये ही डबी जोडावी, प्लास्टिकच्या पट्टीने ती वायरींना बांधून टाकावी, की पाव तासात पिकअपची अश्वशक्ती वाढली, अशी विक्रेत्याची हमी असते. शक्ती वाढते, हे खरे आहे. ती कशी वाढते, हे मात्र विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोडे विचारतात, आणि माझ्या मते या प्रकरणाचा सगळा न्यायनिवाडा त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात पंप डिझेलला हजार बारहूनही अधिक दाबाखाली एका सामाईक नळीत कोंडून ठेवतो, त्या नळीवरील सेन्सर आतील दाबाची खबर विजेच्या अल्पशा व्होल्टेजच्या रूपाने संगणकास देतो, आणि संगणक त्या खबरीवर विसंबून प्रत्येक इंजेक्टर सेकंदाचा कितवा अंश उघडा ठेवावयाचा ते ठरवितो. डबी वाटेत बसून ती खबर बदलते. दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे ती कळविते, संगणक चिंतातुर होऊन दाब वाढविण्याचा हुकूम सोडतो, आणि इंजेक्टर पूर्वीइतकाच वेळ उघडला तरी त्यातून जादा डिझेल आत जाते. कोठारातील शिल्लक मुद्दाम कमी दाखवून वरिष्ठांकडून जादा पुरवठा मंजूर करून घेणाऱ्या कारकुनाचीच ही रीत झाली. तिची एक गंमत अशी की, डॅशबोर्डवरील अ‍ॅव्हरेजचा आकडाही तोच संगणक त्याच खोट्या दाबावरून काढीत असल्याने, गाडी प्रत्यक्षात अधिक डिझेल पीत असतानाही पडद्यावर अ‍ॅव्हरेज सुधारल्याचे दिसते. आणि टाकी फुल करून पंपावरच्या लिटरांशी किलोमीटरांचा हिशेब जोपर्यंत कोणी ताडून पाहत नाही, तोपर्यंत शक्ती आणि काटकसर एकाच डबीतून मिळाल्याचा आनंद अबाधित राहतो.

कारखानदार इंजिनात थोडी शक्ती राखून ठेवतो, हा डबीवाल्यांचा युक्तिवाद निराधार नाही. भेसळीचे डिझेल, उन्हाळा, घाट आणि वॉरंटीची मुदत या सर्वांची तजवीज त्याला करावी लागते. परंतु तेवढ्यावरून आकडे बदलले की काम झाले असे मानणे भाबडेपणाचे होईल. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन ७५ आणि ९० अशा दोन अश्वशक्तींत विकले जात असे, तेव्हा त्या दोहोंत केवळ संगणकाच्या आज्ञावलीचा फरक नव्हता. अधिक शक्तीच्या इंजिनाला टर्बोही निराळा, पाती फिरवून हवेचा ओघ नियमित करणारा होता. जादा इंधनाला जादा हवा लागते, ती न मिळाल्यास धूर होतो आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. पिस्टन ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो त्याचा वितळणबिंदू फार दूर नसतो. हापूसच्या पेट्या लादून देवगडहून गगनबावड्याचा घाट चढणाऱ्या पिकअपला ही डबी लावली, तर तिचा क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक हे तिघेही जुन्याच शक्तीच्या हिशेबाने घडविलेले राहतात, ही गोष्ट चढावर लक्षात येत नाही.

या व्यापाराचे माहेरघर अमेरिका होय. १९८९ साली डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आले तेव्हा त्याची शक्ती १६० अश्वशक्ती होती; आज त्याच्याच वंशातील ६.७ लिटरचे इंजिन कारखान्यातूनच ४०० च्या घरात जाऊन बाहेर पडते, आणि तरीही तेथील हौशी मालकाला ते पुरत नाही. हौस शक्तीपुरती राहिली असती तर तिच्याविषयी वृत्तपत्रात लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु धूर गाळणारी फिल्टरे आणि वायू शुद्ध करणारी उपकरणे काढून टाकावयाची आणि ती जागेवर आहेत असे संगणकास भासवावयाचे, हा पुढचा टप्पा तेथे लवकरच गाठला गेला. जाणूनबुजून काळा धूर ओकत सायकलस्वारांच्या अंगावरून जाण्याचा एक किळसवाणा खेळही त्यातून जन्मास आला, आणि न्यू जर्सी व कोलोरॅडो या राज्यांना त्याविरुद्ध स्वतंत्र कायदे करावे लागले. २०२० साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषणरोधक यंत्रणा निकामी करण्यात आली होती, आणि त्यांतून त्यांच्या आयुष्यभरात बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांचा जादा भार ५ लाख ७० हजार टन इतका धरण्यात आला होता.

येथपर्यंत वाचून कारखानदार सच्चा आणि मालक लबाड असा निष्कर्ष जर कोणी काढील, तर त्याने २०२३ चा डिसेंबर आठवावा. ज्या कमिन्सचे कोथरूडशी १९६२ पासूनचे नाते आहे, त्याच कंपनीने त्या महिन्यात अमेरिकेच्या सरकारला १६७.५ कोटी डॉलरचा दंड देण्यास तत्त्वतः मान्यता दिली. २०१३ ते २०१९ या वर्षांच्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपच्या इंजिनांत प्रदूषण-नियंत्रणाला बगल देणारी व्यवस्था कंपनीनेच बसविली होती, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने कसूर कबूल केला नाही, दंड मात्र मान्य केला. त्याआधी २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण जगाने पाहिलेच होते.

म्हणूनच आपल्या कायद्याची भूमिका मला अपुरी वाटते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराच्या मूळ विनिर्देशांपासून ढळू नयेत असे सांगते, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. शिक्षेत कठोरपणा पुष्कळ आहे, पण तिचा सारा भर कारखान्याच्या कागदावर आहे, आणि तो कागदही खोटा असू शकतो हे आपण आताच पाहिले. उलटपक्षी ज्या ठिकाणी खरी झडती व्हावयास हवी त्या पीयूसी केंद्रात डिझेल गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून केवळ धुराची घनता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडांची तेथे विचारपूसही होत नाही. दाब वाढविणाऱ्या डबीने डिझेलचे तुषार अधिक बारीक होतात, त्यामुळे कित्येकदा धूर कमी दिसून हे वायू मात्र वाढतात. अशी गाडी तपासणीत सन्मानाने उत्तीर्ण होते आणि तिच्या मालकास दाखला मिळतो!

कॅलिफोर्नियाने यातून काढलेला मार्ग अनुकरणीय आहे. तेथे वाहनाला जोडावयाचे उपकरण प्रदूषण वाढवीत नाही असे चाचणीने सिद्ध करणाऱ्यास हवा-संसाधन मंडळ एक क्रमांकित आदेश देते, तो क्रमांक इंजिनाजवळ चिकटविला जातो आणि तपासनीस तो पाहून घेतो; क्रमांक नसलेले उपकरण सार्वजनिक रस्त्यावरील गाडीला लावता येत नाही. आपल्याला हे अपरिचित असण्याचे कारण नाही. सीएनजी किटला आपण याच रीतीने मंजुरी देतो, ती देणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने फेरफारांच्या अटी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला देताना, अशा मंजूर फेरफाराने कारखानदाराची वॉरंटी रद्द समजली जाणार नाही, असेही लिहून ठेवले आहे. त्या अधिकाराखाली इंजिनाच्या आज्ञावलीत ढवळाढवळ करणाऱ्या उपकरणांचे नियम करावेत, चाचणी गाडीच्या धुराड्याशी व्हावी, जे उपकरण तीत उतरेल ते खुशाल विकले जावे, आणि जे उतरणार नाही त्याच्या मालकाबरोबर विक्रेत्यालाही जाबसालास उभे करावे. पंधरा मिनिटे काम करून नामानिराळा राहणारा विक्रेता या व्यवहारात सर्वांत सुखी आहे.

आणि मंजूर उपकरणाची नोंद आरसी बुकात व्हावी, हे मला सर्वांत तातडीचे वाटते. डबी जितक्या झटपट बसते तितक्याच झटपट निघते, आणि जुनी पिकअप विकावयास काढताना ती आधी उतरवून ठेवणे ही चालू रीत आहे. पुढच्या मालकाला दिसते ते स्वच्छ धुतलेले इंजिन, आणि मिळतो तो वर्षानुवर्षे जादा तापमानात शिजलेला टर्बो, ज्याच्याविषयी त्याच्या हाती एकही दस्तऐवज नसतो.