टाकीत मासे किती? पाण्याला विचारा!

परीक्षा संपल्या, की मुले रंगीत माशांसाठी हट्ट धरतात. आई-वडीलही पोटाला चिमटा काढून काचेची छोटी टाकी आणतात. दुकानात सल्ला मिळतो, "नऊ मासे घ्या. आठ सोनेरी, एक काळा. घरात बरकत येते. काळा मेला, तर समजा घरावरचे संकट त्याने नेले." पंधरा दिवसांत काळा मरतो, मागोमाग दोन सोनेरी. शेजारीण म्हणते, "बरे झाले, इडापिडा टळली!" आणि पुन्हा तेवढेच मासे विकत आणले जातात.

बंधू-भगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. देव-दैव आपण घराबाहेर काढले. ते वास्तूच्या नावाने काचेच्या टाकीत बसून परत येऊ नये. शिवाय सगळ्यांची पीडा एका काळ्याने वाहायची, ही रीत आपल्या समाजाने पुष्कळ भोगली आहे. ती आपल्या घरात, माशाच्याही वाट्याला का यावी?

मग तो मासा मेला कशाने? कारण साधे आहे. मासा ज्या पाण्यात राहतो, त्यातच त्याची घाण पडते. त्यातून अमोनिया तयार होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्वच्छ दिसत असतानाही मासे गुदमरतात. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात उपकारक जिवाणू वाढतात, ते या विषाचे रूपांतर कमी घातक पदार्थात करतात. पण नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांची वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी नऊ मासे सोडले, तर विष वाढत जाते आणि ते आवरायला कोणी नसते.

आता हिशेब करू. १८ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १२ इंच उंच टाकीत काठोकाठ ४२ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडता उरते सुमारे ३५ लिटर. काच, वाळू, पाणी मिळून वजन ५० किलोच्या आसपास जाते, म्हणून टाकी डगमगत्या फळीवर ठेवू नये. गोल्डफिश हा रोहूच्या कुळातला मासा. दुकानात दोन इंचांचा दिसतो, पण नीट जगला तर वीतभर होतो आणि घाणही पुष्कळ करतो. एवढ्या टाकीत त्याला जागा नाही, एकालाही नाही. गोल बरणीत तर मुळीच नाही.

मग कोणते घ्यावेत? या टाकीला सहा गप्पी पुरे. तेही सगळे नर घ्यावेत. रंगीत, मोठ्या शेपटीचा तो नर. मादी आणली, तर एकेका वेळी वीस-तीस पिल्ले होतात आणि टाकी भरून जाते. एकटी मादी आणूनही उपयोग नाही. ती बहुधा दुकानातूनच गाभण येते. गप्पी नको असतील, तर एकच फायटर नर ठेवावा. दोन नर एकत्र ठेवले, तर एकमेकांना फाडतात. गप्पीबरोबरही त्याला ठेवू नये. 'टाकी साफ करतो' म्हणून मिळणारा सकर आणि छोटा शार्क यांच्या मोहात पडू नका. सकर फूटभर वाढतो, शार्क त्याहूनही मोठा.

सुरुवातीला दोनच गप्पी सोडा. महिना-दीड महिन्याने बाकीचे आणा. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. दर रविवारी टाकी रिकामी करून, घासूनपुसून लख्ख करू नका. त्यात ते जिवाणूही जातात. आठवड्याला फक्त अर्धी बादली पाणी बदला. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यात पिळावा. उरलेले पाणी मोगऱ्याला घाला. झाड तरारून येते.

आपल्या वस्त्यांत पाणी तासभर येते आणि ते भरते घरातली बाई. म्हणून ही अर्धी बादली मुलांनी भरावी, अशी अट टाकी आणण्यापूर्वीच घाला. हौस मुलांची आणि कष्ट आईचे, असे होऊ नये. कंटाळा आला, तर मासे नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका. तिथल्या मूळच्या माशांवर ते संकट होते. दुकानदाराला परत द्या किंवा ओळखीत कोणाला द्या.

पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. घरात आणलेला जीव आपल्या अज्ञानाने मरू नये, हाही त्याच शीलाचा अर्थ आहे, असे आम्हाला वाटते. तथागतांनी शिकवले, की कारणावाचून काही घडत नाही. मासा मेला, तर मुलाला 'संकट टळले' असे सांगू नका. "का मेला असेल, शोध बरं," असे म्हणा. त्या दिवशी ती टाकी शोभेची न राहता शाळा होईल.

जय भीम!