ठोकळ्यांचं इंजिन

लेगोच्या ठोकळ्यांचं वाफेचं इंजिन धावू लागलं की आधी त्याच्या चाकांकडे बघावं. खऱ्या इंजिनात वाफ दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या चाकं फिरवतो. इथे मोटर चाकं फिरवते आणि दट्ट्या नुसता सोबत ओढला जातो. तरी खऱ्याचे नियम काही सुटत नाहीत. चाकं जोडणारा डावा दांडा उजव्यापेक्षा पाव फेरी पुढे बसवावा लागतो, नाहीतर दोन्ही एकदमच सरळ रेषेत येतात आणि चाकं अडतात. वळण तर भलतंच तंग, 16 वळणदार रूळ जोडले की वर्तुळ पुरं! त्यात तीन जोड्या चाकं अडकू नयेत म्हणून मधल्या जोडीला आतली कडच ठेवत नाहीत; लेगोच्या 2009च्या ‘एमरल्ड नाइट’ इंजिनात हेच केलं होतं आणि ही युक्तीही मूळची खऱ्या रेल्वेचीच. माझ्या मते खरी कसोटी छोट्या इंजिनाची. सहा सेलची पेटी लपवायची कुठे? टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, टाकणं सोपं, पण मग इंजिन हलकं पडतं आणि डबे जोडताच चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून जमेल तेवढं वजन मोटरच्या चाकांवरच आणावं, बॉयलर थोडा जाड दिसला तरी चालेल.