कोंबड्याने मान टाकली तर

रोज पहाटे आरवणारा कोंबडा पंख पाडून कोपऱ्यात बसला, दाणा टिपेनासा झाला, की त्याला लगेच वेगळ्या खुराड्यात ठेवा. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून श्वास घेणे, मान वाकडी होणे ही ‘मानमोडी’ म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे असू शकतात. हा रोग विषाणूंमुळे होतो. त्यावर औषध नाही. घरात उरलेल्या गोळ्या पाण्यात विरघळवून पाजू नका. पशुवैद्यकांना कळवा. आजारी कोंबडा विकू नका, कापूही नका. मेल्यास चुना टाकून खोल पुरा. पिल्लांना मात्र पहिल्याच आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालावा आणि दोन महिन्यांची झाली की आर-टू-बी लस टोचून घ्यावी. पुढचे खुराडे त्यानेच वाचेल.