झाडामागे किती पाणी?

बुलढाणा जिल्ह्यातली सैलानीची यात्रा होळीला भरते. त्या दिवसांत धाडच्या आसपासच्या टेकड्यांकडे नजर टाकली तर साग उघडा, सालई उघडी, मोवई उघडी. पळस तेवढा पेटलेला. जाता-येता कुणीतरी सहज म्हणून जातं, ‘जंगल वाळलं यंदा.’ जंगल वाळलेलं नसतं. त्यानं पाण्याचा खर्च थांबवलेला असतो. हा खर्च कशानं वाढतो आणि कशानं आटोक्यात राहतो, हे समजून न घेता आपण दर पावसाळ्यात कुदळ-फावडी घेऊन खड्डे खणायला निघतो.

झाड पाणी पितं असं आपण म्हणतो, पण ओढण्याचं काम हवा करते. पानाच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात. अन्न तयार करायला लागणारा कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की आतली ओल बाहेर जाते. गेलेल्या ओलीच्या जागी पाणी खेचलं जातं, पानातून देठात, देठातून फांदीत, पार मुळाच्या टोकापर्यंत. हा पाण्याचा अखंड धागा डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये उलगडून सांगितला. धागा किती जोरानं खेचला जाणार ते हवेच्या कोरडेपणावर ठरतं. श्रावणात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हवेची जी ओढ असते, तिच्या दहापट ओढ वैशाखातल्या ४० अंशांना आणि २० टक्के आर्द्रतेला असते. तेव्हाच जमिनीतली ओल आटलेली असते. वरून हिसका आणि खालून हात आखडता, अशा वेळी धागा तुटतो. खोडातल्या नळीत हवेचा बुडबुडा शिरतो, ती नळी निकामी होते. अशा पुष्कळ नळ्या गेल्या की फांदी शेंड्याकडून वाळत येते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. चैत्रात धुऱ्यावरच्या निंबाला कोवळा पाला असतो. सकाळी त्याच्या एका डहाळीवर पारदर्शक पिशवी चढवून तोंड सुतळीनं आवळावं. थोड्या वेळात पिशवी आतून धुरकट होते, मग बारीक थेंब धरतात, आणि दुपारपर्यंत खालच्या कोपऱ्यात पाणी साचून लोंबू लागतं. तशीच पिशवी शेजारच्या पानगळ झालेल्या सागाच्या फांदीला बांधावी. ती जवळपास कोरडी राहते. शाळेतल्या मुलांना एवढं एकदा दाखवलं, तर उघड्या झाडाला वाळलेलं समजून कुऱ्हाड लावताना उद्या त्यांचा हात थबकेल.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती यापुढची गोष्ट. पावसाला महिना-दीड महिना अवकाश असतो, हवा सर्वांत कोरडी असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि नेमक्या त्या दिवसांत अंजनाला तांबूस, जोडपानांची पालवी फुटते. हे पाणी येतं कुठून? एलियट, बेकर आणि बोर्चर्ट या तीन अभ्यासकांनी थायलंडच्या कोरड्या जंगलांतलं हेच कोडं २००६ मध्ये मांडलं होतं. जुनी पानं टाकली की वरची गळती थांबते. खोल गेलेली मुळं मुरमाच्या आणि काळ्या पाषाणाच्या फटींतली ओल हळूहळू वर पाठवत राहतात, खोड पुन्हा भरतं, आणि त्या भरलेल्या खोडाच्या जोरावर नवी पालवी येते. पहिला पाऊस पडतो तेव्हा पान तयार असतं. चार महिन्यांच्या हंगामातला एक दिवसही वाया जात नाही. आपल्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, आणि पावसाचं भाकीत ऐकायला दुसऱ्या दिवशी पहाटे शेतकरी जमतात. तोवर अंजनानं आपली पुंजी लावून टाकलेली असते. म्हणूनच या आठवड्यांत चाऱ्यासाठी अंजन ओरबाडणं किंवा डोंगराला वणवा लागणं इतर कुठल्याही वेळेपेक्षा महाग पडतं. झाडानं साठवलेलं पाणी नुकतंच पानात घातलेलं असतं, आणि दुसऱ्यांदा पालवी काढायला गाठीला फारसं काही उरलेलं नसतं.

सालईची तऱ्हा वेगळी. ती खोडातच पाणी धरते, महिनोन् महिने बिनपानांची राहते आणि तशीच फुलते. निंब खोल मुळांच्या भरवशावर जवळपास बारमाही हिरवा. जमिनीचीही तीच गत. काळ्या मातीत पाणी भरपूर मावतं, पण ती ते घट्ट धरून बसते, सहज सोडत नाही. उन्हाळ्यात भेगाळली की मुळं तोडते. मुरमात थोडंच मावतं, पण फटीफटीनं खोल उतरतं. एकाच शिवारात, एकाच पावसावर, या कडेचं झाड तगतं आणि त्या कडेचं मरतं, ते एवढ्यासाठी.

आता आपल्या वृक्षलागवडीकडे पाहू. राज्यात २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी रोपांचा संकल्प झाला, पुढच्या वर्षी चार कोटी, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. हेतू चांगला होता, हजारो हात राबले. पण फलकावर आकडा असतो रोपांचा. प्रत्येक रोपाच्या वाट्याला पुढे किती पाणी येणार, हा आकडा कुणी मांडत नाही. तो मांडायला अवघड नाही. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ढोबळमानानं ७०० मिलिमीटर धरू. एका हेक्टरवर ते पाणी होतं ७० लाख लिटर. थेंबही वाहून गेला नाही असं मानलं, तरी दोन-दोन मीटरवर लावलेल्या २,५०० झाडांत ते वाटलं की झाडामागे वर्षाला २,८०० लिटर, म्हणजे दिवसाला आठ लिटरसुद्धा नाहीत. पाच-पाच मीटरवर ४०० झाडं लावली तर प्रत्येकाला १७,५०० लिटर. आणि चौरस मीटरला तीन रोपं कोंबणारी मियावाकी पद्धत धरली, तर रोपामागे दिवसाला पाऊण लिटरही येत नाही. ती पद्धत जपानची, जिथे पाऊस दुपटीनं आणि बारा महिन्यांत विखुरलेला. रोप लहान असतं, टँकर येत असतो, तोवर सगळं हिरवंगार दिसतं. चौथ्या-पाचव्या उन्हाळ्यात खरी कसोटी लागते.

इस्रायलमध्ये नेगेव वाळवंटाच्या कडेला यातीर नावाचं पाइनचं जंगल आहे. १९६० च्या दशकात लावलेलं. पाऊस वर्षाला सुमारे २८० मिलिमीटर. वाइझमन संस्थेचे शास्त्रज्ञ २००० सालापासून तिथे मनोरा उभारून झाडांचा श्वास आणि पाणी मोजत आले आहेत. तिथे हेक्टरी झाडं सुमारे ३००. हिशेब केला तर झाडामागे नऊ हजारांवर लिटर होतात. म्हणजे आपल्या दाट लागवडीतल्या सागापेक्षा वाळवंटाच्या काठच्या पाइनच्या वाट्याला तिपटीनं पाणी येतं. तरी भर उन्हाळ्यात ती झाडं पानांची छिद्रं जवळपास मिटूनच घेतात, आणि पडलेल्या पावसापैकी जमिनीखाली मुरायला फारसं काही उरत नाही. कोरड्या मुलखात दाट जंगल उभं केलं की भूजल वाढतंच, हा समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा. झाडानं पाणी मुरतं, तसं झाडानं ते उपसलंही जातं.

शिवाय हवा तापते आहे. तापमान एका अंशानं वाढलं की हवेची ओल सामावण्याची ताकद सहा-सात टक्क्यांनी वाढते. पाऊस तेवढाच पडला तरी झाडाची ओढाताण वाढणार. आजोबांच्या काळी ज्या अंतरावर साग पोसला, त्याच अंतरावर तो नातवाच्या काळीही पोसेल असं धरून चालता येत नाही.

तलावातला गाळ-मुरूम महामार्गाला आणि खोल झालेल्या तलावात पाणी, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ याच जिल्ह्याच्या नावानं ओळखला गेला. तलावाच्या पाण्याचा हिशेब ज्या जिल्ह्यानं मांडला, त्यानं झाडाच्या पाण्याचाही मांडावा. फ्रान्सच्या ग्रानिए यांनी १९८५ मध्ये त्यासाठी साधी युक्ती काढली. खोडात वर-खाली दोन सुया खुपसायच्या, एक तापवायची. आतून पाणी वाहत असेल तेवढी ती थंड होते आणि दोन सुयांच्या तापमानातल्या फरकावरून प्रवाह कळतो. ज्ञानगंगा अभयारण्यात एक साग, एक अंजन, एक सालई आणि धाडच्या एखाद्या धुऱ्यावरचा निंब, एवढ्या चार खोडांत त्या सुया बसवाव्यात. सैलानीच्या होळीपासून मृगापर्यंत रोजची नोंद ठेवावी, आणि तो कागद हाती येईपर्यंत हलक्या जमिनीवरचे खड्डे दोनऐवजी पाच मीटरवर खणावेत.